पट्ट्यांवर ठेवलेला पाय

२०२३ च्या जुलैमध्ये ऑनसाइट म्हणून लंडनला गेलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. सकाळी ऑफिसला निघालो होतो. समोर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे होते, आणि मी आपला अस्सल पुणेकर, फुटपाथच्या कडेला उभा राहून गाड्यांमधली फट शोधत होतो. तेवढ्यात एक लाल डबल डेकर आली आणि थांबली. मला वाटलं, स्टॉप असेल. म्हणून मी बस जायची वाट बघत उभा. बस माझी वाट बघत उभी. मागे चार गाड्या उभ्या. शेवटी ड्रायव्हरबाईंनी हाताने 'जा बाबा आता' अशी खूण केली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी ओशाळून जवळजवळ पळतच पलीकडे गेलो, आणि पळताना सवयीने हात पुढे केला. तो नाही का आपला हात, गाड्या अडवणारा? तोच.

ऑफिसात हा किस्सा सांगितला. टीममधला एक जण तिथे चार वर्षं मुरलेला. तो म्हणाला, "अरे, यांच्या रक्तातच शिस्त आहे. आपल्या लोकांना अजून शंभर वर्षं लागतील." मी मान डोलावली. हे वाक्य आपण सगळेच टपरीवर चहा पिताना वर्षानुवर्षं बोलत आलोय. पण त्या दिवशी ते काही नीट घशाखाली उतरलं नाही. त्याला कारण होतं.

त्याच वर्षी जानेवारीत, आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर बाबांना एका मोटरसायकलने उडवलं. सकाळी सव्वासातची वेळ, दूध आणायला गेले होते. रस्ता सहा पदरी. मध्ये डिव्हायडर, आणि लोकांनी वापरून वापरून त्या डिव्हायडरला पाडलेली एक फट. सिग्नल पाऊण किलोमीटर लांब. बाबा त्या फटीतून पलीकडे निघाले. एक बस त्यांच्यासाठी थांबली, हे विशेष. आणि थांबलेल्या बसच्या पलीकडच्या बाजूने एक मुलगा मोटरसायकलवर आला. त्याला बाबा दिसले नाहीत, बाबांना तो दिसला नाही. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. मुलगाही पडला, त्याचं मनगट गेलं. दुसऱ्या दिवशी बिचारा प्लास्टर घातलेला हात घेऊन आईबरोबर हॉस्पिटलात आला आणि बाबांच्या पायाशी बसून रडला.

पुढचे दोन महिने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काका, बघून नाही का जायचं?" पंचनाम्याच्या वेळीही तेच विचारलं गेलं, सिग्नल सोडून मधूनच का ओलांडत होता म्हणून. बाबा जन्मभर शाळामास्तर. चूक झाली की कबूल करावी हे मुलांना शिकवत आलेला माणूस. ते प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, "हो, माझीच चूक झाली." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. एकदा रात्री हॉस्पिटलात मी त्यांच्यावर ओरडलोही होतो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सर्व्हर पडला किंवा कोणी चुकीची कमांड मारून क्लायंटचा डेटा उडवला, की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहावा लागतो. त्यात एक रकाना असतो, मूळ कारण. नवीन असताना मी त्या रकान्यात 'माणसाची चूक' असं लिहून मोकळा झालो होतो. आमच्या लीडने रिपोर्ट परत पाठवला. म्हणाली, "माणूस चुकणार हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. त्याची चूक प्रॉडक्शनपर्यंत पोचली कशी, ते लिही." तेव्हापासून ऑफिसात मी हा नियम इमानेइतबारे पाळतो. बाबांच्या बाबतीत मात्र तोच रकाना 'माणसाची चूक' लिहून मी बंद करून टाकला होता.

तर त्या बसवाल्या बाईंमुळे डोक्यात किडा वळवळायला लागला. या लंडनवाल्यांनी आपला रिपोर्ट कसा भरला ते तरी बघू. पुढचे बरेच शनिवार-रविवार यातच गेले. मादाम तुसाँ बघायचं राहिलं ते राहिलंच :)

सुरुवात मोटारगाड्या यायच्याही आधीची आहे. डिसेंबर १८६८ मध्ये पार्लमेंटबाहेर जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल बसवला गेला. कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या माणसाची, त्यामुळे सिग्नलही रेल्वेच्याच वळणाचा. दिवसा वरखाली होणारे हात, रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे, आणि ते चालवायला खाली एक हवालदार. तेव्हा त्रास होता तो घोडागाड्यांचा. पुढच्याच महिन्यात गॅस गळून स्फोट झाला, हवालदार जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला. लंडनच्या रस्त्यावर सिग्नलचे दिवे परत लागायला १९२६ साल उजाडलं. एक बग सापडला म्हणून अख्खं फीचर सत्तावन्न वर्षं बंद!

मधल्या काळात मोटार आली. १७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चाळिशीतली बाई आपली मुलगी आणि एक मैत्रीण यांच्याबरोबर क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एका जत्रेला चालली होती. तिथे मोटारगाड्यांची प्रात्यक्षिकं चालू होती. समोरून आलेल्या गाडीला बघून ती जागच्या जागी थबकली आणि गाडीने तिला धडक दिली. ब्रिटनमध्ये मोटारखाली मेलेली ही पहिली पादचारी. आर्थर एडसल नावाचा चालक म्हणाला, मी ताशी चार मैलांनीच चाललो होतो. म्हणजे आपल्या ताशी साडेसहा किलोमीटरने, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. गाडीत बसलेल्या बाईने सांगितलं की याने इंजिनात काहीतरी खटपट करून वेग वाढवला होता. चौकशी झाली, पंचांनी अपघाती मृत्यू असा निकाल दिला, आणि असं पुन्हा कधी घडू नये अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी व्यक्त केली. त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं असणार. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोटारींवरची वेगमर्यादा सैल करणारा नवा कायदा अमलात आला.

१९०३ च्या कायद्याने गाड्यांना नंबर आले, चालकांना लायसन्स आलं. लायसन्स म्हणजे फक्त फी भरून मिळणारा कागद, परीक्षा वगैरे काही नाही. आणि वेगमर्यादा ठरली ताशी २० मैल. ती कोणी पाळली? कोणीही नाही. पोलीस झुडपाआड घड्याळ घेऊन बसायचे. त्यावर उपाय म्हणून मोटारवाल्यांनी १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संघटना काढली. तिची सायकलवरची पोरं रस्त्याने फिरायची आणि सभासदाची गाडी दिसली की सलाम ठोकायची. सलाम ठोकला नाही, तर समजायचं की पुढे पोलीस टपून बसलेत. आपल्याकडे समोरून येणारा अनोळखी माणूस हेडलाइट मारून 'पुढे मामा आहे' असं सांगतो ना, त्याचीच ही पणजी. रक्तातली शिस्त वगैरे म्हणणाऱ्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

आणि पुढचं तर ऐकाच. १९३० मध्ये त्यांनी मोटारींवरची वेगमर्यादा चक्क काढूनच टाकली. कारण? मर्यादा सगळेच मोडतात, त्यामुळे कायद्याची थट्टा होते. म्हणजे टेस्ट फेल होतेय ना, मग टेस्टच डिलीट करा! त्याच कायद्याने तिसऱ्या माणसाचा विमा सक्तीचा केला हे चांगलं झालं, आणि १९३१ मध्ये एक पेनी किमतीचं 'हायवे कोड' हे नियमांचं छोटं पुस्तक निघालं. पण माणसं मरतच राहिली. १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये ७,३४३ माणसं रस्त्यांवर मेली. तेव्हा देशभरात वाहनं होती सुमारे २४ लाख. आज तिथे चार कोटींच्या वर वाहनं आहेत आणि २०२३ मध्ये मेलेल्यांची संख्या १,६२४ होती. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून मी बराच वेळ बघत बसलो होतो.

त्या १९३४ मध्ये पार्लमेंटात जी चर्चा झाली ती वाचण्यासारखी आहे. सरकारने शहरी भागात पुन्हा वेगमर्यादा आणायचा प्रस्ताव मांडला होता. त्याला विरोध करायला लेफ्टनंट कर्नल मूर-ब्रॅबझन उभे राहिले. साधासुधा माणूस नव्हे, ब्रिटनमधलं पहिल्या क्रमांकाचं वैमानिकाचं लायसन्स यांच्या नावावर. यांचं म्हणणं असं की सात हजार माणसं मरतात हे खरं, पण हे असंच चालू राहणार नाही, लोकांना सवय होईल. दाखला काय दिला, तर कोंबड्यांचा. सुरुवातीच्या काळात आमच्या गाडीखाली इतक्या कोंबड्या यायच्या की रेडिएटर पिसांनी भरून जायचा, कुत्र्यांचंही तेच, पण आता कुत्री शिकली, बाजूला होतात. तशी माणसंही शिकतील.

हे वाचून मी आधी हसलो. मग लक्षात आलं की "काका, बघून नाही का जायचं?" याचा अर्थ तरी दुसरा काय होता? कोंबडीने शिकायचं.

हे असं म्हणणारे एकटे तेच नव्हते. तेव्हाचा सर्वसाधारण सूरच तो होता की रस्ता वाहनांचा आहे, चालणाऱ्याने जपून असावं. पण दुसरी बाजूही तयार होत होती. १९२९ मध्ये पादचाऱ्यांची एक संघटना निघाली होती. तिचे अध्यक्ष होते व्हायकाउंट सेसिल, ज्यांना पुढे १९३७ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. पायी चालणाऱ्यांचीसुद्धा संघटना असू शकते हेच मला नवीन होतं. आपल्याकडे रिक्षावाल्यांची आहे, ट्रकवाल्यांची आहे. पायी चालणारे आपण सगळेच असतो, म्हणून बहुधा त्यांचं कोणीच नसतं.

जून १९३४ मध्ये लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. पदावर येऊन थोडेच दिवस झाले असताना ते स्वतः कॅमडन हाय स्ट्रीटवर रस्ता ओलांडत होते आणि एका स्पोर्ट्स कारखाली येता येता वाचले. मंत्र्याला रस्ता ओलांडायला लावणं हा उपाय आपल्याकडेही करून बघायला हरकत नाही. असो. या गृहस्थांनी पुढच्या वर्षभरात धडाका लावला. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली. त्याच वर्षी ड्रायव्हिंगची परीक्षा आली. परीक्षेची केंद्रंच नव्हती, त्यामुळे परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनवर नाहीतर बागेपाशी ठरवून भेटायचा. १ जूनपासून परीक्षा सक्तीची झाली, पण ती फक्त १ एप्रिल १९३४ नंतर गाडी चालवायला लागलेल्यांना. आधीचे सगळे सुटले. जुन्या युजर्सना त्रास नको, हा नियम तेव्हाही होता तर!

आणि रस्ता ओलांडायच्या जागा दाखवायला काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे आले. लोकांनी त्यांना मंत्र्याचंच नाव दिलं, बेलिशा बीकन. पोरांनी सुरुवातीला त्या काचेच्या गोळ्यांवर दगडांचा नेम धरून पाहिला आणि पुष्कळ फोडले. वर्तमानपत्रांनी मंत्र्याची टर उडवली. पुण्यात नवीन काही बसवलं की पहिल्या आठवड्यात जे होतं तेच, शब्दशः. शंभर वर्षांची शिस्त आधी होती आणि गोळे नंतर आले, असं काही झालेलं दिसत नाही.

मग युद्ध आलं. सप्टेंबर १९३९ पासून बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने रात्री सक्तीचा अंधार. रस्त्यावर दिवे नाहीत, गाड्यांच्या दिव्यांवर झाकणं. पेट्रोल रेशनवर असल्यामुळे गाड्या कमी धावत होत्या, तरीही १९४१ हे ब्रिटनच्या इतिहासातलं रस्त्यांवरचं सर्वांत वाईट वर्ष ठरलं. ९,१६९ मृत्यू. पोलीस, माणसं तीच. बदलला होता फक्त प्रकाश. लोक काही एका रात्रीत बेशिस्त झाले नव्हते, त्यांना दिसत नव्हतं एवढंच. म्हणून मग फुटपाथच्या कडा आणि झाडांचे बुंधे पांढऱ्या रंगाने रंगवले. योगायोग असा की ऑक्टोबर १९४० ते मे १९४१ या काळात वाहतूकमंत्री होते आपले कोंबड्यांवाले मूर-ब्रॅबझन. कोंबड्या अंधारात शिकतात का, हे त्यांना कोणी विचारलं की नाही कोण जाणे.

आता पट्ट्यांकडे येतो. बेलिशाच्या खांबांच्या मध्ये रस्त्यावर पट्टे नव्हतेच. धातूच्या खुंट्यांच्या दोन ओळी ठोकलेल्या असायच्या. पायी माणसाला त्या जवळून दिसायच्या, पण ज्याने थांबायचं त्या ड्रायव्हरला लांबून काहीच दिसायचं नाही. युद्धानंतर सरकारी रस्ता संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी यावर काम सुरू केलं. या कामात जॉर्ज चार्ल्सवर्थ या शास्त्रज्ञाचं नाव प्रामुख्याने घेतलं जातं. त्यांनी वेगवेगळे रंग आणि आकार करून बघितले, निळा-पिवळा, लाल-पांढरा, सगळं. १९४९ मध्ये देशभरात सुमारे हजार ठिकाणी प्रयोग केले. लांबून आणि कमी उजेडात सर्वांत ठळक उठून दिसले ते रुंद काळे-पांढरे पट्टे. ३१ ऑक्टोबर १९५१ ला लंडनजवळच्या स्लाउ गावात पहिलं अधिकृत झेब्रा क्रॉसिंग आलं, आणि त्याबरोबर नियम स्पष्ट झाला. माणसाचा पाय पट्ट्यावर पडला की गाडीने थांबायचं.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. जुन्या क्रॉसिंगपैकी पुष्कळशी काढून टाकली. शंभर पावलांवर एक अशी क्रॉसिंग असली आणि त्यातली निम्मी रिकामीच दिसली, की ड्रायव्हर कुठल्याच क्रॉसिंगला मान देत नाही. आमच्याकडे मॉनिटरिंगचे अलर्ट असेच असतात. दिवसाला चारशे ईमेल येतात, कोणी एकही उघडत नाही, आणि ज्या दिवशी खरी आग लागते त्या दिवशीचं ईमेल चारशे एकावं असतं. क्रॉसिंग थोडी ठेवली, पण जिथे ठेवली तिथे लांबून दिसतील अशी ठेवली आणि थोड्याच काळात त्या नारिंगी गोळ्यांत लुकलुकणारे दिवेही बसवले.

सगळं बरोबरच करत गेले असंही नाही. एप्रिल १९६२ मध्ये वॉटर्लू स्टेशनबाहेर मोठ्या थाटात 'पँडा क्रॉसिंग'चं उद्घाटन झालं. बटण दाबायचं, मग दिवे लागायचे. गोंधळ असा की एका तऱ्हेने धपधपणारा पिवळा दिवा म्हणजे थांबायच्या तयारीत राहा, आणि जरा वेगळ्या तऱ्हेने लुकलुकणारा पिवळा म्हणजे कोणी नसेल तर जा! हे ज्याने डिझाइन केलं त्याला ते पाठ असणारच. लंडनच्या पावसात वायपर चालू असताना दोन प्रकारच्या पिवळ्यांमधला फरक ओळखायचा होता तो दुसऱ्यांना. पाच वर्षांत, १९६७ मध्ये, पँडा क्रॉसिंग मोडीत काढली. १९६९ मध्ये आलं पेलिकन, तेच ते लाल माणूस-हिरवा माणूसवालं. मला या गोष्टीत सर्वांत भावलं ते काय, तर कोणी असं म्हटलं नाही की लोक अडाणी आहेत, त्यांना पँडा कळत नाही. दिवे बदलले.

आणि मग १९७१.

माझ्या रोजच्या झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर पांढऱ्या नागमोडी रेषा होत्या. मला कित्येक आठवडे ती सजावट वाटत होती. त्या रेषा १९७१ पासून आल्या. त्यांचा अर्थ असा की या पट्ट्यात गाडी उभी करायची नाही, आणि क्रॉसिंगच्या सर्वांत जवळ असलेल्या किंवा तिथे थांबलेल्या गाडीला ओलांडून पुढे जायचं नाही. का? कारण थांबलेल्या गाडीआडून चालणारा माणूस दिसत नाही, आणि त्या माणसाला पलीकडून येणारी गाडी दिसत नाही.

एका रविवारी वाचनालयात हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. थांबलेली बस. तिच्या आडून आलेली मोटरसायकल. त्याला बाबा दिसले नाहीत, बाबांना तो दिसला नाही. आमच्या सोसायटीसमोर सव्वासात वाजता जे झालं ते इतकं नेहमीचं, इतकं ठरलेलं होतं की दुसऱ्या एका देशात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी त्यासाठी खास रंगाच्या रेषा आखून ठेवल्या होत्या. मी तिथूनच बाहेर येऊन बाबांना फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ झाले होते. सगळं सविस्तर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तो पोरगाही एकटा दोषी नव्हता म्हणायचा." मी त्यांना निर्दोष ठरवायला फोन केला होता, आणि यांना आधी त्या मुलाची आठवण झाली. मग थोडं थांबून म्हणाले, "तू त्या रात्री ओरडला होतास." मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो बराचसा माहितीतला आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये बार्बरा कॅसल या वाहतूकमंत्रीणबाईंनी दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी श्वासाची चाचणी आणली. यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, त्यावरून भरपूर टोमणे खाल्ले. पबवाले खवळले, धमक्या आल्या. पहिल्याच वर्षात मृत्यू हजाराहून अधिक कमी झाले. १९८३ मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला. नव्वदच्या दशकापासून गल्ल्यांमध्ये ताशी २० मैलांचे विभाग आले, नुसत्या पाट्या लावून नाही, तर रस्त्याला उंचवटे आणि वळसे देऊन, म्हणजे वेगात जायचं म्हटलं तरी जाता येऊ नये. लंडनमधल्या या विभागांचा १९८६ ते २००६ या वीस वर्षांचा अभ्यास २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. जखमी आणि मृतांची संख्या जवळपास ४२ टक्क्यांनी घटलेली आढळली. इंजिनिअरिंगला जाऊनही मला हे आधी सुचलं नव्हतं, पण हिशोब बारावीच्या फिजिक्सचा आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. तीसचा वर्ग नऊशे, वीसचा चारशे. वेग एक तृतीयांशाने कमी केला की धडकेतली ऊर्जा निम्म्याहून खाली येते. चुकणारा माणूस तेवढाच चुकतो, पण तो घरी जातो.

लंडन काही स्वर्ग झालेलं नाही. आजही तिथे वर्षाला साधारण शंभर माणसं रस्त्यांवर मरतात, सायकलवाले ट्रकखाली येतात, आणि २०४१ पर्यंत हा आकडा शून्यावर आणायचं जे उद्दिष्ट २०१८ मध्ये महापौरांनी जाहीर केलं ते अजून फार लांब आहे. आणि त्यांचं सगळं उचलून इथे डकवता येईल असंही मला वाटत नाही. आपल्या रस्त्यावर एकाच वेळी बस, टू-व्हीलर, रिक्षा, हातगाडी आणि उलट्या दिशेने येणारा एक गृहस्थ असे सगळे असतात. त्यांचे पट्टे आपल्याकडे आहेतच की, रंग उडालेले. नियमही आहे. क्रॉसिंगवर पायी माणसाचा हक्क आधी, असं २०१७ च्या आपल्या नियमावलीतही लिहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर मोटार वाहन कायद्यात एक नवीन कलम आलं, १९८-अ. रस्त्याची रचना किंवा देखभाल सदोष असल्यामुळे कोणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे हे मान्य. पण 'मूळ कारण' या रकान्यात माणसाशिवाय दुसरं काही लिहायची जागा कायद्याने पहिल्यांदा ठेवली, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. यातल्या किती जणांच्या कागदावर त्या जागेत काही लिहिलं गेलं असेल?

मागच्या वर्षी परत आलो. बाबा काठी घेऊन चालतात आणि दूध आणायला तेच जातात, त्यावर चर्चा नको असं आईला बजावलेलं आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी सुचवलं की डिव्हायडरच्या फटीला जाळी लावायची मागणी करू, म्हणजे लोक मधून जाणारच नाहीत. बाबा उभे राहिले. म्हणाले, इकडे दूध, तिकडे बसस्टॉप, मध्ये शाळा. लोक पाऊण किलोमीटर फिरून जाणार नाहीत, जाळीवर चढतील. मी मनात म्हटलं, मास्तर, लंडनच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली असती तुम्हाला.

मग एका सोमवारी दोघं बाल्कनीत वही घेऊन बसलो. सकाळी सात ते आठ, त्या एका फटीतून २१४ माणसं गेली, त्यात ६१ शाळेची मुलं. त्यांच्यासाठी एखादी गाडी थांबली असं नऊ वेळा झालं, आणि त्या नऊपैकी सहा वेळा थांबलेल्या गाडीच्या बाजूने दुसरी गाडी सुसाट निघून गेली. हे सहा बाबांनी लाल पेनाने लिहिलेत. तो तक्ता जोडून अर्ज केला आहे. फटीच्या जागी उंचवट्याचं क्रॉसिंग, मध्ये थांबायला जागा, अलीकडे गतिरोधक. अर्जाचं शुद्धलेखन बाबांनी तपासलं, 'पादचाऱ्यांना'तला अर्धा र मी दोन ठिकाणी खाल्ला होता. पोच मिळाली आहे, आवक क्रमांक बाबांच्या वहीत आहे. दर पंधरा दिवसांनी ते स्वतः जाऊन चौकशी करून येतात.

परवा विचारत होते, त्या नागमोडी रेषांचं लिहिलं होतंस ना रे? लिहिलं आहे. तिसऱ्या मुद्द्यात, आकृतीसकट.